आधी लेखाशीर्ष, मग अर्ज

आरोग्याचं प्रशिक्षण चालवायला सरकारी पैसा हवा असला की बहुतेक छोट्या संस्था थेट अर्ज लिहायला बसतात, आणि माझ्या मते तिथेच त्यांचे महिने वाया जातात. सरकारी पैसा लेखाशीर्षावर, म्हणजे अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या ठरलेल्या शीर्षावर असतो. अधिकाऱ्याला तुमचं काम कितीही आवडलं, तरी ते ज्या शीर्षात बसतं ते शीर्ष सापडल्याशिवाय त्याला एक रुपयाही देता येत नाही. म्हणून पुढची कृती अशी: काम नेमकं करा, हद्द पाहा, शीर्ष शोधा, कागद पुरे करा, आणि मग अर्ज.

सोयीसाठी एक उदाहरण धरून चालू. समजा, डोंबिवली पूर्वेतल्या एका लहान न्यासाला वस्तीतल्या ४० बायकांना अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या सेवेचं प्रशिक्षण द्यायचं आहे. ही गरज ठाण्यात नौपाड्यातल्या जुन्या इमारतींत आहे, कल्याणात आहे, डोंबिवलीत तर जिन्याजिन्यावर आहे. मुलं पुण्याला, बंगळुरूला किंवा परदेशी. घरी दोघं म्हातारे, आणि ब्यूरोमार्फत बारा तासांसाठी येणारी मावशी. त्या मावशींना कूस कशी बदलावी, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करावं, नळीतून जेवण देताना डोकं किती उंच ठेवावं, हे बहुतेक वेळा कुणीच शिकवलेलं नसतं. त्यांना ते शिकवणं हे सार्वजनिक आरोग्याचंच काम आहे, आणि त्याला सार्वजनिक पैसा मिळायला हवा असं मला मनापासून वाटतं.

काम एका परिच्छेदात बसवा

कुणाला, काय, किती तास, कुठे, आणि शिकल्याचं कसं तपासणार, एवढं एका परिच्छेदात लिहून काढा. ते जमेपर्यंत पुढे जाऊ नका. ‘महिलांमध्ये आरोग्यविषयक जनजागृती’ अशी वाक्यं लिहू नका. आरोग्य विभागात जनजागृतीचा खर्च एका शीर्षात जातो, प्रशिक्षणाचा दुसऱ्या. एका शब्दामुळे प्रस्ताव चुकीच्या टेबलावर जातो आणि तिथून तो परत यायला बराच काळ लागतो.

आमच्या उदाहरणातला परिच्छेद असा होईल: वस्तीतल्या १८ ते ४५ वयाच्या ४० महिला, २० जणींच्या दोन तुकड्या, घरातल्या परावलंबी वृद्धांची दैनंदिन सेवा, जखमा टाळणं, आहार, औषधांच्या वेळा, धोक्याची लक्षणं ओळखणं, दुपारी १ ते ४, कारण धुण्याभांड्याची सकाळची कामं तेव्हा उरकलेली असतात आणि संध्याकाळची सुरू व्हायची असतात, शेवटी प्रात्यक्षिक परीक्षा.

इथेच एक गोष्ट ध्यानात घ्या. परिचारिकेचा अभ्यासक्रम महाराष्ट्रात नर्सिंग कौन्सिलच्या मान्यतेशिवाय चालवता येत नाही. तुमच्या प्रमाणपत्रावर, पत्रकावर, फलकावर कुठेही ‘नर्स’ किंवा ‘परिचारिका’ हा शब्द येऊ देऊ नका. ‘रुग्णसहायक’, ‘गृहसेवा सहायक’ असं नाव द्या, आणि प्रशिक्षणाला येणाऱ्या बायकांनाही पहिल्याच दिवशी हा फरक नीट समजावून सांगा. या प्रमाणपत्रावर त्यांना इस्पितळात नर्स म्हणून नोकरी मिळणार नाही, हे त्यांना आधी कळणं हा त्यांचा हक्क आहे.

तुमची हद्द कुणाची

ठाणे जिल्ह्यात सहा महापालिका आहेत: ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई, उल्हासनगर, भिवंडी-निजामपूर आणि मीरा-भाईंदर. शिवाय अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर या नगरपालिका. जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याचा कारभार ग्रामीण भागापुरता. जिल्हा शल्य चिकित्सकाकडे जिल्हा रुग्णालय, उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयं. शहरातली नागरी आरोग्य केंद्रं महापालिकेच्या वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्याकडे. डोंबिवलीच्या वस्तीतला प्रस्ताव जिल्हा परिषदेत दिला तर तो अडवला जात नाही, नाकारलाही जात नाही; तो नुसता पडून राहतो.

लोकलच्या एका स्टेशनाने हद्द बदलते. मुंब्रा, दिवा ठाणे महापालिकेत, टिटवाळा कल्याण-डोंबिवलीत, विठ्ठलवाडीच्या आसपास कल्याण संपून उल्हासनगर सुरू होतं. कल्याण-डोंबिवलीभोवतालची २७ गावं तर महापालिकेत आली, २००२ मध्ये वगळली गेली, २०१५ मध्ये पुन्हा आली, आणि त्यांतल्या काहींचा प्रश्न त्यानंतरही वादात राहिला. तुमची वस्ती यांतल्या एखाद्या गावात असेल तर जवळचं आरोग्य केंद्र आज कोण चालवतं हे प्रत्यक्ष जाऊन पाहा. तिथल्या एएनएमताईंना, म्हणजे आरोग्यसेविकांना, विचारलं की दोन मिनिटांत कळतं.

हद्दीचा हा मुद्दा किती मोलाचा आहे ते जिल्ह्याच्या इतिहासातच दिसतं. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान एप्रिल २००५ मध्ये सुरू झालं. त्याच्या आराखड्यात आरोग्यसेवेवर लोकांनी देखरेख ठेवण्याची तरतूद होती. २००७ मध्ये महाराष्ट्रात ही लोकाधारित देखरेख सुरू झाली तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत ठाणे होता. बाकीचे अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद आणि पुणे. पालघर तेव्हा ठाण्यातच होता, तो १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला. पुण्याची ‘साथी’ ही राज्य पातळीवरची समन्वयक संस्था, आणि खाली जिल्ह्यात, तालुक्यात स्थानिक संस्था. गाव समित्यांची प्रशिक्षणं, गावोगावची आरोग्यसेवेची प्रगतिपत्रकं, जनसुनवाया, हे सगळं स्वयंसेवी संस्थांनी सरकारी निधीतून केलं. आधी राष्ट्रीय आराखड्यात तरतूद आली, मग संस्था तिच्यात बसल्या. आणि अभियान ग्रामीण होतं, म्हणून डोंबिवलीतल्या संस्थेसाठी हे दार तेव्हा बंदच होतं. शहरांसाठीचं राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान यायला २०१३ उजाडलं.

एकच प्रशिक्षण, निरनिराळी दारं

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. ‘४० बायकांना वृद्धसेवा’ हे काम निरनिराळ्या कार्यालयांत निरनिराळ्या नावाने बसतं.

पहिलं दार राष्ट्रीय आरोग्य अभियानाचं, ज्यात ग्रामीण आणि नागरी अशी दोन्ही अभियानं येतात. त्याचा पैसा केंद्र आणि राज्य ६०:४० या प्रमाणात देतात आणि तो पीआयपीतून, म्हणजे कार्यक्रम अंमलबजावणी आराखड्यातून येतो. महापालिका आपला आराखडा राज्याला देते, राज्य केंद्राला, आणि मंजुरी मिळालेल्या ओळींवरच खर्च होतो. अलीकडे हा आराखडा दोन वर्षांचा एकत्र होतो: २०२२-२४, मग २०२४-२६. म्हणजे संधी हुकली तर ती लांबते. वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम आणि वेदनाशामक सेवेचा, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरचा कार्यक्रम या दोन्हींत प्रशिक्षणाला जागा आहे. स्वयंसेवी संस्थांमार्फत अभियानाचा ५ टक्क्यांपर्यंत निधी खर्च करता येतो असंही अभियानाची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. पण ही मुभा आहे, हक्क नाही; तुमच्या शहराच्या आराखड्यात ओळ नसेल तर त्या ५ टक्क्यांचा तुम्हाला उपयोग नाही.

म्हणून आराखडा तयार होण्याच्या आधी, साधारण दिवाळीच्या सुमारास, वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्यांना भेटा. कल्याण-डोंबिवलीसाठी महापालिकेचं मुख्यालय कल्याण पश्चिमेला शंकरराव चौकात आहे, ठाण्यासाठी पाचपाखाडीत. त्यांना पैसे मागू नका. ‘पुढच्या आराखड्यात ही ओळ घेता येईल का, आणि त्यासाठी तुम्हाला आमच्याकडून कोणती आकडेवारी हवी आहे?’ एवढंच विचारा. शहराच्या आराखड्यावर काम करणाऱ्या माणसांकडे वेळ कमी असतो. दोन पानांत गरज, लोकसंख्या आणि खर्च मांडून दिला तर तो त्यांच्या कामाला येतो. २०११ च्या जनगणनेत ठाणे महापालिकेत १८ लाखांहून जास्त आणि कल्याण-डोंबिवलीत साडेबारा लाखांच्या आसपास लोक होते. ५० हजार लोकसंख्येमागे एक नागरी आरोग्य केंद्र हा अभियानाचा निकष आहे. तुमची वस्ती कोणत्या केंद्राखाली येते, तिथे आशा स्वयंसेविका किती, ५० ते १०० घरांमागे एक याप्रमाणे महिला आरोग्य समित्या किती आणि त्यांतल्या चालू किती, हे त्या केंद्रातूनच मिळवा. महिला आरोग्य समितीला वर्षाला ५ हजार रुपयांचा मुक्त निधी असतो. त्या समितीतल्या बायका तुमच्या तुकडीत आल्या तर आरोग्य विभागाला ते काम आपलं वाटतं, आणि ते खरोखरच त्यांचं असतं.

दुसरं दार महापालिकेच्या स्वतःच्या अंदाजपत्रकाचं. महिला व बालकल्याणासाठी आणि दिव्यांगांसाठी महापालिकेला अंदाजपत्रकात राखीव तरतूद ठेवावी लागते. ठाण्यात समाज विकास विभाग, कल्याण-डोंबिवलीत महिला व बालकल्याणाचं काम पाहणारा विभाग, इथे चौकशी करा. लोकनिर्वाचित मंडळ असेल तर महिला व बालकल्याण समितीपुढे विषय जातो. प्रशासक असतील तर निर्णय आयुक्तांकडे. लक्षात ठेवा, इथे बऱ्याचदा अनुदान नसतं. महापालिका वर्तमानपत्रात ईओआय, म्हणजे स्वारस्य अभिव्यक्तीची जाहिरात देते आणि संस्था निवडते. ते काम सेवा करार ठरतं. त्यावर जीएसटी लागतो का, टीडीएस किती कापला जाईल, हे सही करण्याआधी सनदी लेखापालाला विचारा. दर भरताना हे न पाहिल्यामुळे खिशातून पैसे घालणाऱ्या संस्था मी पाहिल्या आहेत.

तिसरं दार कौशल्य विकासाचं: केंद्राची प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना आणि राज्याचं प्रमोद महाजन कौशल्य व उद्योजकता विकास अभियान. इथे आमचं प्रशिक्षण ‘जनरल ड्युटी असिस्टंट’ किंवा ‘होम हेल्थ एड’ या ठरलेल्या अभ्यासक्रमाच्या नावाने बसतं. तास, यंत्रसामग्री, खोलीचा आकार, प्रशिक्षकाची पात्रता, सगळं वरून ठरलेलं. हजेरी आधारशी जोडलेली, परीक्षा बाहेरची यंत्रणा घेते आणि पैसे टप्पे गाठल्यावर मिळतात. थोडक्यात, आधी खर्च तुमचा. ज्या न्यासाकडे सहा महिने तग धरण्याइतकी गंगाजळी नाही त्याने स्वतः केंद्र काढण्यापेक्षा आधीच मान्यता असलेल्या केंद्राला बायका मिळवून देण्याचं, त्यांच्या घरच्यांशी बोलण्याचं, नंतर काम मिळवून देण्याचं काम करावं. ते कमी प्रतिष्ठेचं आहे असं मला वाटत नाही. कोविडच्या काळात १८ जून २०२१ रोजी केंद्राने कोविड योद्ध्यांसाठी सहा कामांचे अल्पमुदतीचे अभ्यासक्रम सुरू केले, त्यांत घरच्या सेवेचाही होता. राज्यानेही त्याच वर्षी मुख्यमंत्री महाआरोग्य कौशल्य विकास प्रशिक्षण कार्यक्रम आणला. ज्या केंद्रांची नोंदणी आधीच पुरी होती त्यांना तेव्हा लगेच तुकड्या सुरू करता आल्या.

चौथं दार सामाजिक न्याय मंत्रालयाचं. वृद्धसेवा करणाऱ्यांचं प्रशिक्षण हा अटल वयो अभ्युदय योजनेचा एक घटक आहे, म्हणजे आमच्या उदाहरणाला हे नावानिशी जुळतं. या मंत्रालयाची संस्थांना मिळणारी अनुदानं ई-अनुदान पोर्टलवरून मागितली जातात. व्यसनमुक्तीचं प्रशिक्षण असेल तर तेही याच मंत्रालयाच्या कृती आराखड्यात पाहा.

पाचवं दार जिल्हा नियोजन समितीचं, ठाण्यातच, जिल्हाधिकाऱ्यांकडे. जिल्हा वार्षिक योजनेत नावीन्यपूर्ण योजनांसाठी वेगळी तरतूद असते. संस्थेला तिथे थेट पैसे मिळत नाहीत. एखाद्या सरकारी विभागाने अंमलबजावणी यंत्रणा म्हणून प्रस्ताव पाठवावा लागतो. तो विभाग तयार असेल तरच या वाटेने जा.

एचआयव्हीचं काम असेल तर महाराष्ट्र राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या जाहिरातीकडे लक्ष ठेवा. आयुष डॉक्टरांच्या निरंतर शिक्षणासाठी आयुष मंत्रालयाची आयुर्ज्ञान योजना आहे.

डोंबिवलीबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. २६ मे २०१६ ला प्रोबेस कंपनीत आणि २३ मे २०२४ ला अमुदान केमिकल्समध्ये स्फोट झाले. दोन्ही एमआयडीसीत, आणि दोन्ही वेळा आजूबाजूच्या घरांच्या काचा फुटल्या, माणसं गेली. भाजलेल्या माणसावर पहिल्या दहा मिनिटांत काय करावं, वायू पसरला तर कोणत्या बाजूला जावं, हे त्या परिसरातल्या सोसायट्यांना, रिक्षावाल्यांना, शाळांतल्या शिपायांना शिकवायला हवं. असं प्रशिक्षण आरोग्य विभागात शोधत बसू नका. जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेलं जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण आणि कारखान्यांवर देखरेख करणारं औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय ही त्याची दारं. शहरातल्या एखाद्या संस्थेने हे हाती घ्यावं अशी माझी कळकळीची विनंती आहे.

एकाच खर्चासाठी दोन दारांत हात पसरू नका. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांप्रमाणे ‘याच कारणासाठी दुसऱ्या मंत्रालयाकडून अनुदान घेतलेलं वा मागितलेलं नाही’ असं लिहून द्यावं लागतं. एका ठिकाणी प्रशिक्षकांचं मानधन, दुसरीकडे साहित्य, असं वाटून मागता येतं, पण ते दोन्हीकडे उघड लिहून.

कागद

न्यासाची किंवा सोसायटीची नोंदणी, घटना, परिशिष्ट १ चा ताजा उतारा, संस्थेचा पॅन, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलचा क्रमांक, आयकरातल्या १२ए आणि ८०जी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नोंदण्या, तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब आणि वार्षिक अहवाल. केंद्राचा पैसा असेल तर पीएफएमएसवर, म्हणजे सरकारी निधीच्या व्यवहारांच्या पोर्टलवर, नोंद आणि तिला जोडलेलं बँक खातं. ही यादी सगळ्यांना पाठ असते. अडतं ते पुढच्या तीन ठिकाणी.

घटनेतले उद्देश पाहा. ‘शैक्षणिक व सांस्कृतिक कार्य’ एवढंच लिहिलेलं असेल तर आरोग्य प्रशिक्षणाचा प्रस्ताव पहिल्याच छाननीत बाद होऊ शकतो. उद्देशात बदल हे धर्मादाय आयुक्त कार्यालयातलं वेळखाऊ काम आहे, ते आज सुरू करा.

दुसरं, बदल अर्ज. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. पुष्कळ संस्थांच्या परिशिष्टावर अजून वारलेल्या विश्वस्तांची नावं असतात, आणि अर्जावर सही करणाऱ्या अध्यक्षांचं नावच नसतं. बदल अर्ज प्रलंबित असेल तर दाखल केल्याची पोच आणि क्रमांक जोडा.

तिसरं, नावातला फरक. नोंदणीवर ‘मंडळ’, पॅनवर ‘मंडल’, बँकेत ‘ट्रस्ट’. पोर्टल अशी नावं जुळवून घेत नाही. सगळीकडे एकच नाव होईपर्यंत ऑनलाइन अर्जाला हात लावू नका.

मार्चअखेरचे हिशेब तपासून सहा महिन्यांत, म्हणजे सप्टेंबरअखेरपर्यंत, धर्मादाय कार्यालयात जायला हवेत. जी संस्था हे वेळेवर करते तिचा अर्ज ऑक्टोबरात तयार असतो.

अर्ज आणि अंदाजपत्रक

कार्यकारिणीचा ठराव करा: कोणत्या योजनेत, किती रकमेचा प्रस्ताव, सह्यांचे अधिकार कुणाला. मग योजनेचा शासन निर्णय किंवा मार्गदर्शक तत्त्वं उघडून समोर ठेवा आणि त्यातलेच शब्द वापरून लिहा. राज्याचे शासन निर्णय सरकारच्या संकेतस्थळावर विभागवार मिळतात. अर्जाच्या संदर्भात निर्णयाचा क्रमांक आणि तारीख लिहा. टेबलावरच्या लिपिकाला टिपणी लिहिताना तेच लागतं, आणि तुमच्या फाइलवर पहिली टिपणी तोच लिहिणार आहे. मला विचाराल तर चांगला प्रस्ताव तो, ज्यातून लिपिकाला टिपणी जशीच्या तशी उतरवता येते.

प्रस्तावात गरज एका पानात मांडा, आणि ती तुमच्याच वस्तीची असू द्या. ‘भारतात वृद्धांची संख्या वाढत आहे’ हे मंजूर करणाऱ्याला माहीत आहे. तुमच्या नागरी आरोग्य केंद्राच्या हद्दीत आशाताईंच्या घरभेटींत किती परावलंबी वृद्ध आढळले, हे त्याला माहीत नाही. दोन आशाताईंबरोबर आठवडाभर फिरा, केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याची त्या यादीवर सही घ्या. हे एक पान बाकीच्या वीस पानांपेक्षा जड ठरतं.

अंदाजपत्रकात प्रत्येक ओळ अशी लिहा: दर, नग, दिवस, एकूण. ‘प्रशिक्षण साहित्य: ४०,००० रुपये’ असं लिहिलं तर शंका येते, ‘प्रशिक्षण संच, ४० महिला, प्रत्येकी १,००० रुपये’ असं लिहिलं तर प्रश्न उरत नाही. दर योजनेत दिलेले असतील तर एक रुपयाही वर जाऊ नका. दिलेले नसतील तर तीन दरपत्रकं जोडा. मानधन, सभागृह, साहित्य, चहा-नाश्ता, प्रवास, मूल्यमापन, लेखापरीक्षण फी या ओळी बहुधा विसरल्या जात नाहीत. विसरली जाते ती बाईची बुडालेली रोजंदारी. चाळीस जणींपैकी अर्ध्या जणी तिसऱ्या दिवशी येईनाशा होतात त्या याच कारणाने. योजनेत विद्यावेतन चालत असेल तर ते मागा, अगदी प्रशिक्षणाचे दिवस कमी करावे लागले तरी. चालत नसेल तर प्रवासखर्च आणि जेवण पूर्ण मागा, आणि वेळा त्यांच्या कामाच्या वेळा सोडून ठेवा. ‘विद्यावेतन’ चालत नाही म्हणून ते ‘साहित्या’त लपवू नका, हजेरीपत्रक आणि खर्च जुळत नाही तेव्हा त्याचा जाब संस्थेच्या चिटणिसाला द्यावा लागतो.

सहमतीपत्रं जोडा: प्रशिक्षण देणाऱ्या डॉक्टरांचं, परिचारिकेचं, आणि प्रात्यक्षिकासाठी जागा देणाऱ्या रुग्णालयाचं. डोंबिवलीत शास्त्रीनगर, कल्याणात रुक्मिणीबाई, ठाण्याकडे कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, ही महापालिकेचीच रुग्णालयं आहेत. तिथे प्रात्यक्षिकाची परवानगी मागताना आठवड्यातला वार आणि तास लिहा. बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीच्या वेळी ४० बायका आत नेऊ नका, तिथल्या परिचारिकांवर ते अन्यायाचं आहे.

फाइल कुठे आहे

ऑनलाइन अर्ज केला तरी एक छापील प्रत आवक-जावक शाखेत द्या आणि शिक्का, तारीख, आवक क्रमांकासह पोच घ्या. पंधरा दिवसांनी त्या क्रमांकावरून फाइल कोणत्या टेबलावर आहे ते विचारा. त्रुटी निघाली तर ती लेखी मागा आणि लेखीच उत्तर द्या. राज्य पातळीवर प्रश्न अडला तर सीएसएमटीला उतरून सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारातल्या आरोग्य भवनात राष्ट्रीय आरोग्य अभियानाचं कार्यालय आहे. मुंबई मंडळाच्या आरोग्य उपसंचालकांचं कार्यालय ठाण्यातच आहे, तिथे आधी जा. उत्तर येतच नसेल तर माहिती अधिकारात फाइलवरच्या टिपण्यांची प्रत मागा. हे भांडण म्हणून करू नका, अर्ज सभ्य भाषेत लिहा.

आचारसंहिता लागली की नवीन मंजुऱ्या थांबतात. निवडणुकीचा अंदाज असेल तर प्रशासकीय मान्यता त्याआधी व्हावी असा प्रयत्न करा.

‘मंजूर करून आणतो, दहा टक्के द्या’ म्हणणारा माणूस हमखास भेटेल. त्याला दारातूनच परत पाठवा. संकेतस्थळाच्या नावाच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ नसेल तर तिथे नोंदणी शुल्क भरू नका.

पैसे आल्यावर

मंजुरीचं पत्र शब्दन्शब्द वाचा. हप्ते किती, कोणत्या तारखेपर्यंत खर्च, कोणत्या ओळीतून कोणत्या ओळीत रक्कम वळवता येते, हे सगळं त्यात असतं. वेगळं बचत खातं, वेगळी रोकडवही, प्रत्येक मानधन बँकेतून. केंद्राच्या अनुदानावर मिळालेलं व्याज संस्थेचं नसतं, ते हिशेब अंतिम झाल्यावर सरकारला परत जातं. खरेदी केलेला पलंग किंवा सरावासाठीचा पुतळा परवानगीशिवाय विकता येत नाही. त्याची नोंद जडवस्तुसंग्रह नोंदवहीत करा. अनुदानाचे हिशेब मंजुरी देणाऱ्या विभागाला आणि लेखापरीक्षकाला कधीही तपासता येतात, आणि संस्थेचा मोठा भाग सरकारी पैशावर चालत असेल तर माहिती अधिकार कायदा तिलाही लागू होऊ शकतो. पहिल्या दिवसापासून तसे कागद ठेवा.

हजेरीवर रोज सही किंवा अंगठा, त्याच दिवशी. महिनाअखेरीस एकाच पेनने भरलेलं हजेरीपत्रक लेखापरीक्षकाला दुरून ओळखू येतं. पहिल्या दिवशी आणि शेवटच्या दिवशी तीच प्रात्यक्षिक चाचणी घ्या. कूस बदलणं, तापमान घेणं, गिळताना ठसका लागला तर काय करायचं. दोन्ही वेळचे गुण अहवालात द्या.

बरेचदा पैसे फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात आणि ३१ मार्चपर्यंत खर्चाचा आग्रह होतो. प्रशिक्षण न होता झालेलं दाखवण्याचा मोह इथेच होतो. तसं करू नका. तुकडीची यादी, जागा आणि प्रशिक्षकांच्या तारखा मंजुरीच्या आधीपासून तयार ठेवा म्हणजे तीन आठवड्यांतही खरं काम होतं. आणि जे होणार नाही त्यासाठी शिल्लक रक्कम पुढच्या वर्षी वापरण्याची परवानगी मार्च संपण्याआधी लेखी मागा. नाही मिळाली तर रक्कम परत करा. परत केलेल्या पैशाची पावती हा पुढच्या अर्जातला चांगला कागद आहे.

उपयोगिता प्रमाणपत्र केंद्राच्या अनुदानासाठी जीएफआर १२-ए या नमुन्यात, सनदी लेखापालाच्या सहीने जातं. नियमाप्रमाणे त्याला आर्थिक वर्ष संपल्यापासून १२ महिने मिळतात. तुम्ही तीन महिन्यांत द्या. ते पोचल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. एका कार्यालयात आमच्या ओळखीच्या संस्थेचं प्रमाणपत्र चुकीच्या फाइलला लागलं आणि दुसरा हप्ता वर्षभर अडला. पोच जपून ठेवली होती म्हणून तो शेवटी सुटला.

प्रशिक्षणानंतर सहा महिन्यांनी प्रत्येक बाईला फोन करा. काम लागलं का, रोज किती मिळतो, शिकलेलं वापरायला मिळतं का, ब्यूरोवाला जास्त मागतो म्हणून घरचे कमी देतात का. हे एका तक्त्यात भरून वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्यांना आणि मंजुरी देणाऱ्या विभागाला द्या, पुढच्या आराखड्याची तयारी सुरू होण्याच्या आधी. सोबत ज्या जणी मध्येच सोडून गेल्या त्यांची कारणंही लिहा. पुढच्या तुकडीच्या वेळा, विद्यावेतन आणि जागा त्या कारणांवरून ठरवायच्या आहेत.